रस्ते अपघाती मृत्यूंची तालुकावार आणि जिल्हावार तुलना कशी करावी

दोन जिल्ह्यांतील अपघाती मृत्यूंचे आकडे शेजारी मांडले म्हणजे तुलना झाली, असे होत नाही, कारण मोठ्या जिल्ह्यात माणसेच जास्त असल्याने मृत्यूही बहुधा जास्तच दिसतात. म्हणून वर्षभरातील मृत्यूंना लोकसंख्येने भागून दर लाख लोकांमागील दर काढावा. २०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५,२२४ जणांचा मृत्यू झाला. अंदाजित लोकसंख्या साडेबारा कोटी धरली तर हा दर लाखामागे सुमारे १२.२ येतो. हाच भागाकार २०११ च्या जनगणनेच्या ११.२४ कोटींनी केला, तर तो १३.५ वर जातो. माणसे तितकीच दगावली, फक्त भाजक जुना होता. त्यामुळे तुलनेतील सर्व ठिकाणांसाठी एकाच वर्षाची आणि एकाच पद्धतीने अंदाजलेली लोकसंख्या घ्यावी.

भागाकाराच्या आधी मात्र आपला प्रश्न नक्की करावा लागतो: या हद्दीतले रस्ते किती घातक आहेत हे शोधायचे आहे, की इथल्या रहिवाशांपैकी किती जण रस्त्यावर जीव गमावतात हे? १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. घटनास्थळानुसार हे मृत्यू बुलढाण्याच्या खात्यात जातात. २०११ ची २५,८६,२५८ ही लोकसंख्या धरली, तर या एका अपघाताने जिल्ह्याचा दर लाखामागे जवळपास १ ने वाढतो. पण त्या बसमध्ये जिल्ह्याबाहेरून आलेले प्रवासी होते, आणि त्यांच्या घरचे दुःख बुलढाण्याच्या आकड्यात शोधून सापडणार नाही. पोलिसांची आकडेवारी घटनास्थळानुसार असते, म्हणून महामार्ग जाणाऱ्या जिल्ह्याला केवळ तिच्या आधारे बेशिस्त ठरवणे मला अन्यायाचे वाटते. रहिवाशांचा प्रश्न असेल, तर मृताच्या राहत्या पत्त्याची नोंद मिळवावी. रस्त्यांचा प्रश्न असेल, तर महामार्गावरील मृत्यू वेगळ्या रकान्यात लिहावेत आणि ते रस्त्याच्या लांबीशी, वाहतुकीची मोजणी उपलब्ध असल्यास तिच्याशीही, ताडून पाहावेत.

हद्दींची पडताळणी कंटाळवाणी असली तरी टाळू नये. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जुन्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती आणि त्यात पालघरचे जवळपास ३० लाख लोक होते. आजच्या ठाण्याच्या मृत्यूंना या जुन्या संख्येने भागले, तर दर खोटा कमी दिसतो. पुण्यात तर पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशा तीन पोलीस हद्दी असून त्या तालुक्यांच्या सीमांशी जुळत नाहीत. अशा ठिकाणी पोलीस ठाण्यांची यादी घेऊन कोणते गाव कोणाकडे येते ते स्वतः जुळवावे.

मृत्यूची व्याख्याही सर्वत्र एकच हवी. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू रस्ते अपघाती मृत्यू धरला जातो. जखमीला तालुक्याच्या गावाहून मोठ्या शहरातील रुग्णालयात हलवले आणि तिथे आठवड्याने त्याचा मृत्यू झाला, तर ही नोंद मूळ पोलीस ठाण्यात पोहोचली की नाही, हे विचारून घ्यावे.

तालुक्याच्या पातळीवर सर्वांत मोठी अडचण लहान आकड्यांची असते. समजा, दीड लाख वस्तीच्या एका तालुक्यात वर्षात ९ मृत्यू झाले आणि तेवढ्याच वस्तीच्या शेजारच्या तालुक्यात १४. म्हणजे दर ६ आणि ९.३. फरक दीडपटीचा दिसतो, पण ९ या आकड्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा (योगायोगाचा चढउतार धरून खरी पातळी बहुधा ज्या पट्ट्यात असते तो) साधारण ४ ते १७ आणि १४ ची साधारण ८ ते २३ येते, म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. यासाठी तीन ते पाच वर्षांचे मृत्यू एकत्र करून वार्षिक सरासरी दर काढावा, आणि टाळेबंदीमुळे वाहतूक थंडावलेले २०२० हे वर्ष त्यात मिसळू नये.

दर शंभर अपघातांमागे किती मृत्यू, हे प्रमाणही अनेकदा तुलनेसाठी पुढे केले जाते. महाराष्ट्रात २०२२ मध्ये ३३,३८३ अपघातांमागे ते ४५.६ होते, तर देशात ३६.५. मात्र किरकोळ अपघातांची नोंदच होत नसेल, तर हे प्रमाण आपोआप फुगते; म्हणून ते लोकसंख्येवरील दराच्या जागी वापरू नये.

तक्ता करताना प्रत्येक दराशेजारी मृत्यूंची मूळ संख्या, लोकसंख्येचे वर्ष आणि विश्वासमर्यादा लिहावी, आणि ज्या तालुक्यांच्या विश्वासमर्यादा मोठ्या प्रमाणात एकमेकींत शिरतात त्यांना पहिला, दुसरा असे क्रमांक देऊ नयेत.