मशागतीपूर्वी जुन्या ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हची तपासणी

मृगाच्या तोंडावर मशागत उरकायची असते आणि नेमका त्याच वेळी जुना ट्रॅक्टर सकाळी लवकर सुरू होत नाही, पांढरा धूर टाकतो आणि नांगराला ओढ देत नाही. अशा वेळी हेड (सिलिंडरवरचे झाकण, ज्यात व्हॉल्व्ह असतात) उतरवण्याची घाई करू नये. इंजिन संथ चालू ठेवून प्रत्येक नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) डिझेल पाइपचा नट आळीपाळीने किंचित सैल करावा. मात्र दाबाने उडणाऱ्या डिझेलपासून हात आणि डोळे दूर ठेवावेत. ज्याचा नट सैल करूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही असे समजावे. त्याचे नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावल्यावर दोषही तिकडे गेला, तर व्हॉल्व्हचा काही संबंध नाही.

दोष जागीच राहिला, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचे टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातले अंतर, पाहावेत. टॅपेट वाजू लागले की शेतकरी फिटरकडे धावतात. खरा धोका मात्र न वाजणाऱ्या, घट्ट झालेल्या टॅपेटचा असतो. व्हॉल्व्ह झिजलेल्या सीटमध्ये (मिटताना तो टेकतो त्या कडेत) खोल बसत जातो, तसे हे अंतर कमी होते, आणि इंजिन तापून व्हॉल्व्ह लांबला की तो पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटवाटेच बाहेर जात असल्याने अशा व्हॉल्व्हची कड जळते.

चार सिलिंडरच्या इंजिनात चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असताना इनटेक (हवा आत घेणारा) उघडू लागतो, त्या क्षणी इंजिन थांबवून ठेवून पहिल्याचे टॅपेट लावावेत; पहिल्यावरून चौथ्याचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचेही तसेच एकमेकांवरून. फीलर गेजची (अंतर मोजण्याच्या साधनाची) पातळ पट्टी त्या अंतरात हलकी अडखळत सरकली पाहिजे. अंतर किती आणि ते गरम इंजिनावर ठेवायचे की थंड, हे त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्यावे, कारण इनटेक आणि एक्झॉस्टचे माप वेगळे असू शकते.

अंतर बरोबर असूनही कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मिळत नसेल, तर त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, नोझलच्या जागेतून फिटरकडून हवा भरून घ्यावी. फुसफुस एअर क्लीनरमध्ये ऐकू आली तर इनटेक, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो. ब्रीदरमधून (इंजिनाच्या तळातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आली तर पिस्टनच्या रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडखालची गास्केट किंवा हेडची चीर.

हेड उतरलेच, तर आधी गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) पाहावेत, कारण ढिल्या गाइडमध्ये पेस्ट लावून सीटवर घासून बसवलेला व्हॉल्व्ह फार काळ टिकत नाही. घासल्यावर पेस्ट पूर्ण धुऊन पोर्टमध्ये (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटेत) रॉकेल किंवा डिझेल ओतावे. सीटच्या कडेने ते झिरपले तर काम अपुरे आहे. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळावेत, आणि पुस्तिकेत सांगितले असल्यास काही तास चालवून पुन्हा आवळावेत. हेड आवळल्याने टॅपेटचे अंतर बदलते, म्हणून ते त्यानंतर पुन्हा लावावे.