घरात कोण काय मोजतं? सीमाभागातील मराठी शाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

बेळगाव जिल्ह्यातील मराठी शाळांत शिकवायला येणाऱ्या तरुण शिक्षक-शिक्षिकांची माझ्याशी अधूनमधून गाठ पडते. डी.एल.एड. किंवा बी.एड. झालेले असते, शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) टप्पा पार पडलेला असतो, आणि त्यांचे प्रश्न बहुधा पाठटाचण कसे लिहावे, वर्ग शांत कसा ठेवावा, सीआरपी, म्हणजे शाळासमूहाचे मार्गदर्शक, भेटीला आले की काय दाखवावे, अशा स्वरूपाचे असतात. या गोष्टी वर्षभरात अंगवळणी पडतात, त्यासाठी फार काळजी करू नये. मला स्वतःला ज्या गोष्टीसाठी अनेक वर्षे घालवावी लागली, ती म्हणजे समोर बसलेले मूल शाळेत येताना काय घेऊन येते, आणि ज्या घरात, गल्लीत, शिवारात ते वाढते ती जागा त्याला रोज काय शिकवत असते, हे ओळखणे. त्याविषयीच येथे लिहिते आहे.

टीसीएच हा प्राथमिक शिक्षकांचा अभ्यासक्रम करून मी १९९८ साली निपाणी परिसरातील एका शाळेत रुजू झाले. चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. भागाकाराचे उदाहरण फळ्यावर आले की ती पाटी मांडीवर पालथी ठेवी आणि मान खाली घालून बसे. मी तिच्या नावापुढे ‘गणितात कच्ची’ असा शेरा लिहिला आणि त्यात काही चूक आहे असे मला तेव्हा वाटले नाही. संक्रांतीनंतर ती चार-पाच दिवस आली नाही म्हणून मी तिच्या घरी गेले. आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती. शेजारी भिजवलेल्या पानांची चवड आणि कातर होती. मुलगी वळलेल्या बिड्या मोजून पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधत होती. आदल्या दिवशी कारखान्यात साठ बिड्या छाट म्हणून बाजूला काढल्या गेल्याचे आई मला सांगत होती, तेवढ्यात मुलीने दोऱ्यावरची नजरही न उचलता सांगितले, ‘साठ गेल्या, म्हंजे दोन कट्टे आन् वर धा वळाय पायजेत.’ आदल्याच आठवड्यात साठ भागिले पंचवीस हे उदाहरण तिने चाचणीत कोरे सोडले होते.

त्या दिवशी मला जे दिसले त्याचा रीतसर अभ्यास आधीच झालेला होता, हे मला पुढे बी.एड. करताना कळले. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर आणि बाजारात विक्री करणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुले थोडीच होती, अवघी पाच. परंतु गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशेबांची त्यांनी दिलेली सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली, तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले तेव्हा हे प्रमाण जवळपास ३७ टक्क्यांवर घसरले, आणि शाब्दिक उदाहरणे करून विचारले तेव्हा ते सुमारे ७४ टक्के होते. मुले तीच आणि डोकीही तीच होती. फरक प्रश्न कुठे आणि कशासाठी विचारला गेला यात होता. आपल्या बाजारात आईशेजारी बसून भाजीची जुडी विकणारी मुले तुम्ही पाहिली असतील. त्यांच्यापैकी कुणी उद्या तुमच्या वर्गात पालथी पाटी घेऊन बसले, तर हा अभ्यास आठवावा.

मात्र यातून एक चुकीचा अर्थ काढला जातो, तो टाळला पाहिजे. मुलीला घरी सगळे येते, तेव्हा शाळेने काही शिकवायची गरज नाही, असे मुळीच नाही. तिचा हिशेब पंचविसाच्या कट्ट्याला बांधलेला होता. चोवीस किंवा छत्तीस आले की तिचे बोट अडकत होते, कारण तिथे तिच्याजवळ कट्टा नव्हता. कट्ट्यापासून भागाकारापर्यंतचा पूल बांधणे हे शाळेचे काम होते, आणि तो बांधायला आम्हाला जानेवारीपासून परीक्षेपर्यंतचे दिवस लागले. प्रथम कट्टे, मग बारा-बाराच्या काड्यांचे गठ्ठे, मग नुसत्या रेघा आणि शेवटी भागाकाराची मांडणी, असे आम्ही गेलो. दुसरी गोष्ट अशी, की तंबाखूच्या धुळीत रात्री उशिरापर्यंत बसणे हे लहान मुलीचे शिक्षण नव्हे. त्या घराने तिला जे दिले ते मी वर्गात वापरले, पण तिचे खेळण्याचे आणि झोपेचे तास परत मिळावेत म्हणून तिच्या आईशी मी वारंवार बोलले, आणि ते बोलणे भागाकारापेक्षा कितीतरी अवघड गेले.

आता सीमाभागाच्या खास गोष्टीकडे वळते. आपल्या मुलांच्या कानांवर दोन भाषांतील आकडे पडतात आणि या दोन भाषा मोजण्याची रीत वेगवेगळी ठेवतात. मराठीत एकवीस म्हणताना एकक आधी येतो आणि दशक मागून. लिहिताना मात्र २ आधी लिहायचा. एकोणतीस तर आणखी कठीण, कारण शब्दात तीस ऐकू येते आणि लिहायचे असते २९. दुसरी-तिसरीतील मुले एकोणतीस म्हटल्यावर सर्रास ३९ लिहितात आणि आपण त्याला दुर्लक्ष म्हणतो. वास्तविक ते मूल जे ऐकते तेच लिहीत असते. कन्नडमध्ये इप्पत्तु म्हणजे वीस, इप्पत्तोंदु म्हणजे वीस आणि एक, इप्पत्तोंबत्तु म्हणजे वीस आणि नऊ, असा दशक आधी आणि एकक नंतर असा सरळ क्रम आहे. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली तेव्हा मोठा वाद झाला. आपल्याकडच्या मुलाला तशी रीत बसच्या कंडक्टरकडून आणि बाजारातून फुकट मिळालेली असते. मी दशक-एकक शिकवताना फळ्यावर २९ लिहून आधी कन्नडमध्ये वाचून घेते, वीस आणि नऊ वेगळे करते आणि मग मराठी नाव सांगते. एका नव्या सहकाऱ्याने यावर हरकत घेतली होती, की मराठी शाळेत कन्नड आकडे कशाला. माझे उत्तर एवढेच, की मुलाच्या डोक्यात जे आधीच उभे आहे त्यावर माझा अधिकार नाही. त्याचा उपयोग करून घ्यायचा की त्याच्याशी झगडत बसायचे, एवढेच माझ्या हाती आहे.

भाषेच्या बाबतीत येथील मनात साठलेला इतिहास मला ठाऊक आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी कलम ३५० अ घटनेत आले. आपल्या शाळांचा तो आधार आहे आणि तो प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा. त्याचबरोबर २०१५ च्या कायद्यानुसार कर्नाटकातील शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. वादाची जागा शिक्षक-कक्षात किंवा सभेत असू शकते, पण त्याची सावली आठ वर्षांच्या मुलाच्या वहीवर पडता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. मुलाची मराठी भक्कम असेल तर त्याची कन्नड सुधारते. लिपीचे उदाहरण घ्या. वर्णमालेचा क्रम दोन्हीकडे जवळपास एकच असल्याने देवनागरी पक्की झालेले मूल कन्नड अक्षरे लवकर उचलते. अडते ते मोजक्या ठिकाणी. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ वेगळे आहेत, मराठीत तसा भेद नाही. त्यामुळे ‘कोडु’ हा शब्द आखूड ओ काढून म्हटला तर ‘दे’ आणि लांब ओ काढून म्हटला तर ‘शिंग’, हे मराठी मुलाच्या कानाला सांगावे लागते. कन्नड विषयाच्या शिक्षकांशी बसून अशा जागांची यादी करावी. माझ्या कामातील सर्वांत उपयोगी दुपारी मी त्यांच्याशेजारी बसून घालवल्या आहेत.

आणखी एक फसगत येथे नेहमी होते. मूल अंगणात कन्नड फडाफडा बोलते, म्हणून त्याला कन्नडचे पुस्तक समजेल असे आपण धरून चालतो. द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली बोलण्यापुरती भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. दुसरी भाषा बोलण्यापुरती यायला साधारण दोन वर्षे पुरतात, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात, असे त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासांतून दिसले. हा भेद मी केवळ कन्नडपुरता ठेवत नाही. घरातली मराठी आणि पुस्तकातली मराठी यांतही असेच अंतर असते.

निपाणीनंतर माझी बदली खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या बाजूच्या एका जंगलातल्या गावी झाली. मलप्रभा जिथे उगम पावते तो हा पाऊसवेडा मुलूख आहे. चौथी-पाचवी एकत्र बसत. परिमितीचा पाठ चालू होता आणि ‘बागेभोवतीच्या कुंपणाची लांबी’ या शब्दांवर चौथीतला एक मुलगा थांबला होता. मी व्याख्या तीनदा सांगितली. शेवटी पाचवीतली मुलगी त्याच्याकडे वळून म्हणाली, ‘अरे, वई घालताना कडंकडंनं चालाय लागतं न्हवं, तेवढं.’ मुलाने लगेच बोटाने आयताच्या चारही कडा फिरवून दाखवल्या. मुलाला एकट्याने जे जमत नाही ते थोड्या अधिक जाणत्याच्या सोबतीने जमते, आणि शिकवण्याची खरी जागा त्या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात असते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोत्स्की यांनी सांगितले आहे. प्रशिक्षणात मी ते पाठ केले होते. त्या मुलीने मला ते दाखवले. बहुवर्ग अध्यापनाकडे नवे शिक्षक शिक्षा म्हणून पाहतात. मला तसे वाटत नाही. कर्नाटकातील ‘नली-कली’ पद्धत १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यातून सुरू झाली, आणि वेगवेगळ्या पातळीची मुले एका खोलीत आपापल्या गतीने पुढे जातात हाच तिचा पाया आहे. लहान शाळेत मोठी मुले लहानांना शिकवतात तेव्हा तो वेळ वाया जातो असे समजू नका.

त्या गावाने मला हजेरीचा अर्थही शिकवला. जुलैत रोप लावणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा असे. ओढा भरला की पलीकडच्या वाडीची मुले येऊच शकत नसत. ऊसपट्ट्यातील, म्हणजे चिकोडी, रायबाग, अथणीकडील शिक्षकांचा गळतीचा काळ वेगळा असतो, कारण तिथे तोडणीच्या हंगामात कुटुंबे येतात आणि जातात. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात गावाच्या कामांचे वर्षाचे वेळापत्रक एका कागदावर मांडावे, आणि नवा, पायाभूत भाग कोणत्या आठवड्यांत घ्यायचा नाही हे त्यावरून ठरवावे. भागाकार किंवा अपूर्णांक ऐन लावणीत सुरू केला तर वर्षभर तो दुरुस्त करत बसावे लागते. मी दोन वर्षे ही चूक केली. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांचा समावेश असलेल्या शाळा समितीच्या, बैठकीत असा कागद ठेवला की पालकही मोकळेपणाने बोलतात; कुणाच्या घरी दिवा कधी येतो, कुणाची आजी मुलांना सांभाळते, हे तिथे कळते.

प्रशिक्षणात शिकलेली एक गोष्ट मात्र सोडून द्यावी असे मी आग्रहाने सांगेन. अमुक मूल ‘पाहून शिकणारे’, तमुक ‘ऐकून शिकणारे’ अशा चिठ्ठ्या लावून त्याप्रमाणे वेगवेगळे शिकवावे, हा विचार अनेक टाचणांत दिसतो. २००८ साली मानसशास्त्रज्ञांनी घेतलेल्या आढाव्यात अशा जुळवणीमुळे शिकणे सुधारते याला पुरेसा पुरावा आढळला नाही. मुलामुलांत फरक असतोच. पण तो त्याला आधी काय येते, कोणती भाषा येते, पोटात अन्न आहे का, वर्गात चुकायची भीती वाटते का, यांत असतो. अक्षरदासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या, जेवणानंतरचा आणि त्याआधीचा वर्ग एकदा लक्षपूर्वक पाहा.

तुम्ही रुजू झाल्यावर काय करावे, तर पहिल्या पंधरवड्यात चाचणी घेऊ नका. प्रत्येक मुलासाठी वहीचे एक पान ठेवा आणि शेरा न लिहिता फक्त पाहिलेले लिहा. ‘गणितात कच्ची’ असे लिहिणे बंद करून ‘भागाकार कोरा सोडला, कट्टे अचूक मोजते’ असे लिहायला लागल्यापासून माझे शिकवणे बदलले, कारण पहिल्या वाक्यानंतर करण्यासारखे काही उरत नाही आणि दुसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशीचा पाठ समोर दिसतो. शनिवारी शाळा लवकर सुटते, त्या दुपारी दोन घरांना भेट द्या. तिथे ‘मूल अभ्यास करते का’ असे विचारू नका, त्याला उत्तर ठरलेले असते; घरात काम काय चालते, मूल त्यात कुठे असते, ते पाहा.

माझ्या वर्गात जूनच्या पहिल्या दिवशी मी नाव विचारून झाल्यावर एकच प्रश्न विचारते, ‘तुमच्या घरात कोण काय मोजतं?’ कुणी सांगते डेअरीचे दूध, कुणी विटा, कुणी मागावरची साडी, कुणी कोंबडीची अंडी, कुणी वडिलांच्या सुट्टीचे दिवस, कारण ते लष्करात असतात. गेल्या वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘आमच्या घरात कुणी काहीच मोजत नाही, बाई.’ ते उत्तर मी त्याच्या पानावर जसेच्या तसे लिहिले, आणि त्या शनिवारी सर्वांत आधी त्याच्या घराची वाट धरली.