अपघात क्लेमची फाइल घेताय? आधी तारीख विचारा

जखमीच्या घरचे येतात ते कॅरीबॅग भरून कागद घेऊनच, मेडिकलची बिलं, एक्स-रे, रेशनकार्ड सगळं एकत्र कोंबलेलं. मी ती पिशवी बाजूला ठेवतो आणि पहिलं विचारतो, अपघात कोणत्या तारखेला झाला? कारण मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(३) १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं आणि क्लेम म्हणजे भरपाईचा अर्ज टाकायला अपघातापासून फक्त सहा महिने उरले, त्याआधी मुदतच नव्हती म्हणून लोक वर्षश्राद्ध उरकून सावकाश यायचे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की या मुदतीविरुद्धच्या याचिका पेंडिंग आहेत तोवर केवळ उशीर झाला म्हणून ट्रिब्युनलने (अपघात भरपाईचे दावे चालवणारं न्यायाधिकरण) क्लेम फेटाळू नये. त्यामुळे उशिरा आलेल्या माणसाला दारातून परत पाठवू नका, पण हा अंतरिम आदेश आहे, त्याच्या भरवशावर नवी फाइल कपाटात ठेवणं मला तरी पटत नाही.

मग पोलीस स्टेशन. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला रिपोर्ट, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर रिपोर्ट ट्रिब्युनलला द्यायचा असतो, आणि गोहर मोहम्मद निकालात (डिसेंबर २०२२) सुप्रीम कोर्टाने हे पाळायलाच लावलंय. तरी पाठपुरावा आपणच करायचा, एफआयआर, स्पॉट पंचनामा, आरसी, लायसन्स, पॉलिसीची कॉपी मागून घ्यायची.

आता डिस्चार्ज कार्ड. सगळे फ्रॅक्चर कुठलं ते बघतात, तुम्ही वरची हिस्टरीची, म्हणजे मार कसा लागला ती ओळ वाचा. तिथे नुसतं "गाडीवरून पडून मार" लिहिलेलं असेल आणि प्रत्यक्षात मागून टेम्पोने उडवलेलं असेल तर विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत त्याच एका ओळीवर अर्धा तास काढतो. म्हणून हॉस्पिटलच्या एमएलसी रजिस्टरचा (पोलीस केस असलेल्या पेशंटची नोंदवही) उतारा लगेच काढा आणि पेशंटला आणताना सोबत कोण होतं त्याचं नाव लिहून ठेवा, दोन वर्षांनी कुणाला काही आठवत नाही.

गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रनच्या स्कीममध्ये प्रांत किंवा तहसीलदाराकडे अर्ज, मृत्यूला २ लाख, गंभीर जखमेला ५० हजार.

पेशंट अजून अ‍ॅडमिट असेल तर सरकारची मे २०२५ ची कॅशलेस उपचार योजना विचारा, अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत.

शेवटचं म्हणजे बँक. मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई थेट खात्यात द्यायला सांगितलं आणि एप्रिलमध्ये अर्जातच आधार, पॅन, खातं लिहायला लावलं, कारण ट्रिब्युनलमध्ये पैसे नुसते पडून राहत होते. पासबुकाचं पहिलं पान स्वतः बघा, कितीतरी बायकांचं खातं माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असतं, ते अर्ज टाकायच्या आधीच दुरुस्त करून घ्या, नाहीतर अवॉर्ड, म्हणजे भरपाईचा निकाल होऊनही ती बाई बँकेत चकरा मारत राहते.