पदरमोड करणाऱ्या गुरुजींना वर्गसाहित्य कसे द्यावे

पारोळा तालुक्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी बसलो असताना पहिलीतला एक मुलगा जागेवरून उठून आला आणि म्हणाला, "गुरुजी, मनी पेन्सिल सरी गयी." (माझी पेन्सिल संपली.) गुरुजींनी टेबलाचा खण ओढला. आत बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पेन्सिली होत्या, पण त्या सगळ्या अर्ध्या होत्या. प्रत्येक पेन्सिल पात्याने मधोमध कापून दोन्ही तुकड्यांना टोक काढलेले होते. अख्ख्या दिल्या तर महिनाअखेरपर्यंत पुरत नाहीत, एवढेच ते म्हणाले. हा खर्च कोण करते, असे विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. खानदेशातील शिक्षकांना वर्गसाहित्य देऊ इच्छिणाऱ्याने या डब्यापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

शासन काय देते, हे आधी समजून घ्यावे. पाठ्यपुस्तके, गणवेश आणि पोषण आहार शासनाकडून मिळतात. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला २५,००० रुपये संयुक्त अनुदान धरलेले आहे. परंतु वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि खडू या सर्वांची तोंडमिळवणी त्यातूनच करायची असते व किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते. पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पाने जोडण्याचा प्रयोग २०२३ मध्ये सुरू झाला होता, तो २०२५ मध्ये रद्द झाल्याने वहीचा खर्च पुन्हा पालकांकडे आला. ज्या पालकाला तो झेपत नाही, त्याच्या मुलाची वही बहुतेक वेळा शिक्षकच आणतो. अशी पदरमोड खानदेशाला नवी नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिकवणाऱ्या साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी किती झीज सोसली, हे आपण अभिमानाने सांगतो. आज त्याच तालुक्यात तशीच झीज सोसणारा शिक्षक मात्र आपल्याला सहसा दिसत नाही, कारण तो मागायला येत नाही.

म्हणून पहिले काम विचारण्याचे आहे, आणि प्रश्न नेमका असावा. "काय हवे?" असे विचारले की भिडस्त शिक्षक "काही नको, आपण आलात हेच पुष्कळ" असे म्हणतो. त्याऐवजी "गेल्या दोन महिन्यांत वर्गासाठी आपण स्वतःच्या पैशांनी काय काय आणले?" असे विचारावे. हा प्रश्न आम्ही एका बाईंना विचारला, तेव्हा त्यांनी पर्समधून छोटी डायरी काढली आणि वाचून दाखवले: खडूची दोन खोकी, कार्डशीट, डिंक, सेलोटेप, खोडरबर आणि नखे कापण्याची चार नेलकटर. नेलकटरचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नसता.

न विचारता दिले की काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे. आम्ही मित्रांनी एका वर्षी अक्राणी तालुक्यातील एका शाळेसाठी २०० पानी एकरेघी वह्या उत्साहाने पाठवल्या. शाळा पहिली ते चौथीची होती आणि निम्मा पट पहिली-दुसरीचा होता, ज्यांना अक्षराची उंची सांभाळण्यासाठी दुरेघी वही लागते. काही महिन्यांनी गेलो तेव्हा दिसले की तेथील बाईंनी पट्टी आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक वहीच्या सुरुवातीच्या पानांवर दुसरी रेघ हाताने मारली होती. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. आम्ही दिलेल्या वस्तूने त्यांचे काम वाढवले होते, हे त्या रेघांनीच सांगितले. तेव्हापासून आम्ही इयत्तावार पट घेतल्याशिवाय एकही वही घेत नाही. पहिली-दुसरीला दुरेघी, गणितासाठी चौकटीची, इंग्रजीसाठी चाररेघी आणि तिसरीपासून पुढे एकरेघी, असा हिशेब दुकानात जाण्यापूर्वीच कागदावर असावा. लहान मुलांना २०० पानी वहीपेक्षा १०० पानी दोन वह्या बऱ्या. पहिली फाटली किंवा भिजली तरी दुसरी हाताशी असते.

खडू ही क्षुल्लक वस्तू मानू नये. स्वस्त खडू जिप्समचा असतो आणि त्याची भुकटी हवेत तरंगत राहते. 'डस्टलेस' म्हणून मिळणारा खडू प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचा, वजनाला जड असतो, त्यामुळे त्याची भुकटी खाली पडते. एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळत दिवसभर फळ्याजवळ उभे राहणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा.

छापील तक्त्यांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. सातपुड्यातील मूल घरी पावरी किंवा भिली बोलते, तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठचे मूल अहिराणी बोलते, आणि तयार तक्त्यावर मात्र जहाज आणि द्राक्षे असतात. चांगला शिक्षक मुलाच्या ओळखीच्या वस्तूंपासून प्रमाण मराठीकडे नेतो. मोहाचे फूल, तिफण, टोपली यांची चित्रे काढून खाली दोन्ही भाषांतील शब्द लिहितो. त्यामुळे त्याला तयार तक्त्यांपेक्षा कोऱ्या कार्डशीट, जाड स्केचपेन, पुठ्ठा, कात्री, दोरा आणि चांगला डिंक अधिक उपयोगी पडतो. गणितासाठी १०० मण्यांची माळ आणि आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे पुरतात, फक्त काड्या व रबरबँड पुरेसे द्यावेत. गोष्टींची पुस्तके द्यायची असल्यास मोठ्या अक्षरांची, थोड्या ओळींची आणि चित्रांची द्यावीत; घरातील जुनी अभ्यासमार्गदर्शके व अर्धवट भरलेल्या वह्या शाळेकडे पाठवू नयेत.

बस्करांची गरज अनेक शाळांत असते आणि तिचा विचार फार थोडे लोक करतात. जळगाव हे प्लॅस्टिकच्या चटयांच्या उत्पादनाचे मोठे केंद्र असल्याने चांगली चटई आपल्याकडे सहज मिळते. वर्गखोलीची लांबी-रुंदी फुटांत मागवून घ्यावी आणि एका मोठ्या चटईऐवजी ओळीने अंथरता येतील अशा अरुंद पट्ट्या घ्याव्यात, कारण त्या मुलांनाही गुंडाळता व झटकता येतात.

देण्याची वेळ वस्तूइतकीच महत्त्वाची आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडते, तेव्हा सर्वांनाच देणगी आठवते. परंतु दिवाळीनंतर सातपुड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात. मूल सोबत गेले तर त्याची वही-पेन्सिल पाठीवरच्या गाठोड्यात राहते किंवा हरवते. होळीला ही कुटुंबे परततात आणि त्याच वेळी शिक्षक त्या मुलांना पुन्हा वर्गात बसवण्याची धडपड करत असतो. त्या दिवसांत त्याच्या कपाटात दहा-पंधरा नवे संच तयार असतील, तर परतलेल्या मुलाला रिकाम्या हाताने बसावे लागत नाही. म्हणून एकाच वेळी मोठी रक्कम खर्च करण्याऐवजी ती जून, दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी अशी तीन भागांत वाटावी. ज्या तालुक्याच्या गावी शिक्षक आठवडे बाजाराला येतो, तेथील स्टेशनरीच्या दुकानात रक्कम आगाऊ जमा ठेवून शिक्षकाने लागेल तसे सामान न्यावे आणि बिल शाळेच्या नावे करावे, ही पद्धत आम्हाला सर्वांत सोयीची वाटली. वाहतुकीचा खर्च वाचतो आणि वस्तूंची निवड शिक्षकाच्या हाती राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि रंगखडू यांवरील जीएसटी शून्य झाला आहे, तेव्हा बिल तपासून घ्यावे.

देणगी शिक्षकासाठी असली तरी कागदोपत्री ती शाळेला द्यावी. शिक्षकांच्या बदल्या होतात, आणि वैयक्तिक भेट घेतल्याचा ठपका त्यांच्यावर कधीही येऊ नये. मुख्याध्यापकांच्या नावे साधे पत्र लिहून त्यात वस्तू, संख्या व अंदाजे किंमत नमूद करावी. टिकाऊ वस्तूंची नोंद शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टर) करण्याची विनंती करावी आणि पोचपावती घ्यावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिच्या बैठकीत देणगीचा उल्लेख झाला, तर गावात गैरसमज राहत नाही. एकाच नावाची गावे पुष्कळ असल्याने पत्रावर शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शासनदरबारी त्या शाळेची ओळख असलेला क्रमांक, लिहावा. तो महाराष्ट्रासाठी २७ ने सुरू होतो आणि पुढील दोन अंक नंदुरबारसाठी ०१, धुळ्यासाठी ०२ व जळगावसाठी ०३ असतात. ओळखीची शाळा नसल्यास केंद्र शासनाच्या 'विद्यांजली' संकेतस्थळावर शाळांनी नोंदवलेल्या गरजा पाहता येतात. देणग्यांवर मिळणाऱ्या प्राप्तिकर सवलतीत वस्तुरूप देणगी धरली जात नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

वाटप शिक्षकावर सोडावे. मुलांना रांगेत उभे करून, हातात वही देऊन छायाचित्र काढण्याचा आग्रह धरू नये. कोणाला गरज आहे हे शिक्षकाला ठाऊक असते आणि तो ते वर्गात उघड न करता देऊ शकतो.

साहित्य टिकवण्याची सोयही सोबत द्यावी. पावसाळ्यात सातपुड्यातील धडगावकडे पाठवायचे गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळावेत आणि शक्य असल्यास झाकणाची एक पत्र्याची पेटी द्यावी, म्हणजे वह्यांना उंदीर व वाळवी लागत नाही. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. बंद खोलीत स्केचपेन सुकतात आणि डिंकाच्या कांड्या वितळतात, म्हणून या दोन वस्तू मार्चनंतर पाठवूच नयेत. उन्हाळी सुट्टी लागण्यापूर्वी शिक्षकाला एकदा फोन करावा, पेटीत काय उरले ते विचारावे आणि नव्या पहिलीत किती मुले दाखल होणार आहेत, तो आकडा लिहून घ्यावा; जूनची दुरेघी वह्यांची मागणी त्या आकड्यावरून ठरते.