जुनी दप्तरं लावताना या चुका टाळा

पावसाळा संपला की आमच्याकडे ट्रंका यायला लागतात. ऑक्टोबरच्या उन्हात घरं झाडली जातात, माळे रिकामे होतात आणि कुणाच्या आजोबांचे, कुणा निवृत्त सरांचे कागद घेऊन माणसं दारात उभी राहतात: "कॉलेजात ठेवता का? घरी वाळवी खाईल." कोकण किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात मी छोटं अभिलेखागार, म्हणजे जुने कागद जपून ठेवायची जागा, सांभाळते. इतर कॉलेजांतून आणि गावोगावच्या वाचनालयांतूनही फोन येतात आणि तक्रार बहुधा एकच असते: "सगळं नीट लावलं, पण मागितलेलं सापडत नाही." अशा वेळी कागद हरवलेला नसतोच. तो लावताना चुकलेलं असतं.

विषयवार वाटणी

सगळ्यांत मोठं नुकसान इथे होतं, म्हणून आधी हेच.

ग्रंथालयात काम केलेल्या माणसाचा हात आपोआप विषयाकडे जातो. पुस्तकाला ते चालतं, कारण पुस्तक एकटं उभं राहू शकतं. पत्राला शेजार लागतो. कुठल्या पत्राला हे उत्तर गेलं, ते कुठल्या वहीत खोचलं होतं, त्याच्या वर आणि खाली काय होतं, यावर त्याचा निम्मा अर्थ ठरतो.

आंब्याच्या मोहराची वर्षानुवर्षं पाहणी केलेल्या एका सरांचे कागद आमच्याकडे आले, तेव्हा मी नवीन होते. ट्रंकेत जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधलेले गठ्ठे होते. सुट्टीत मदतीला आलेल्या मुलांनी दोन दिवसांत फडकी सोडली आणि सुंदर चार ढीग केले: आंबा, पाऊस, पत्रव्यवहार, वैयक्तिक. मी शाबासकी दिली. फडकी धुवायला टाकली.

काही महिन्यांनी एक संशोधक आली. एका विशिष्ट वर्षी तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग यांनी मोहर का गेला, हे तिला बघायचं होतं. 'आंबा' या ढिगात सरांची पाहणी-वही होती, पण त्या पानांवर नुसतं "पत्र पाहा" असं लिहिलेलं. कुठलं पत्र? पत्रव्यवहाराच्या ढिगात बागायतदारांची शेकडो पोस्टकार्डं होती, त्यांतल्या अनेकांवर तारीखच नव्हती. पावसाची नोंद तिसरीकडे होती. तेव्हा लक्षात आलं की सरांनी प्रत्येक हंगामाचा गठ्ठा वेगळा बांधला होता, मृगापासून पुढच्या मृगापर्यंत. वही, पोस्टकार्डं आणि पावसाचा तक्ता एकाच फडक्यात होते. प्रश्नाचं उत्तर त्या गाठीत होतं आणि ती गाठ आम्ही सोडली होती.

ज्या माणसाकडे किंवा कचेरीत कागद तयार झाले, त्यांचा संग्रह दुसऱ्यांच्या कागदांत मिसळायचा नाही, हा नियम फ्रान्समध्ये १८४१ साली सरकारी परिपत्रकाने घालून दिला. मूळ कचेरीने लावलेला आतला क्रमही मोडायचा नाही, हे प्रशियाने १८८१ मध्ये ठरवलं आणि १८९८ साली तीन डच अभिलेखपालांनी या दोन्ही तत्त्वांचं हस्तपुस्तक लिहिलं. आजही जगभरची अभिलेखागारं याच दोन खांबांवर उभी आहेत. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातला, म्हणजे पेशवाईच्या सरकारी कागदांच्या साठ्यातला, कागद आजही रुमालाच्या क्रमांकाने सांगतात, म्हणजे तो ज्या फडक्यात बांधलेला होता त्यावरून.

मग विषयाने शोधणाऱ्याचं काय? त्याच्यासाठी सूची करा. एकाच पोस्टकार्डाची नोंद 'भुरी', 'देवगड' आणि 'पाऊस' अशा तीन ठिकाणी टाकता येते. कागद मात्र एकाच जागी राहू शकतो, तेव्हा ती जागा मूळचीच असू द्या.

क्रम मोडलाच असेल तर

हताश होऊ नका. कागद स्वतःच बरंच सांगतात. आवक-जावक क्रमांक असेल तर काम सोपं आहे. नसेल तर टाचणीचा गंज बघा. दोन कागद वर्षानुवर्षं एकत्र टाचलेले असले की गंजाची खूण दोघांवर एकाच जागी उमटते. ओलीच्या डागाची कड शेजारच्या कागदांवर जवळजवळ सारखीच असते आणि पान दूर गेलं की डाग लहान होत जातो. वाळवीचंही तसंच. आम्ही सरांची पोस्टकार्डं खिडकीजवळच्या टेबलावर मांडली आणि खाल्लेल्या कोपऱ्यांच्या कडा एकमेकांशी जुळवत बसलो. एका कार्डाचा अर्धा कोपरा गेलेला, पुढच्यावर जरा कमी, त्याच्या पुढच्यावर नुसतं नखाएवढं छिद्र. तीन आठवड्यांत सात हंगामांचे गठ्ठे पुन्हा बांधता आले. ज्या कार्डांचा पुरावा मिळाला नाही ती ओढूनताणून कुठेही घुसवली नाहीत, 'हंगाम निश्चित नाही' अशी वेगळी ठेवली.

मात्र प्रत्येक पसारा म्हणजे मूळ क्रम नव्हे. कौलं गळायला लागली म्हणून घरच्यांनी घाईने ट्रंकेत कोंबलेले कागद जसेच्या तसे ठेवून कुणाचंच भलं होत नाही. तिथे तुम्ही क्रम लावा, पण 'हा क्रम आम्ही लावला' असं वर्णनात लिहा. आणि काहीही हलवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा: झाकण उघडल्यावरचा, पहिला थर काढल्यावरचा, प्रत्येक गाठीचा. मी तेव्हा हे केलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते.

अ-ब-क-ड म्हणजे मांडणी नव्हे

सरकारी कचेरीतून आलेली माणसं कागद अ, ब, क, ड असे लावून मोकळी होतात. कागद किती काळ जपायचा एवढंच ते वर्ग सांगतात. ही फाईल परीक्षा विभागाची की वसतिगृहाची, हे त्यावरून कळत नाही. वर्ग फाईलवर लिहिलेला असेल तर राहू द्या, पण मांडणी विभागवारच करा.

पहिल्या कागदापासून सुरुवात

उत्साही माणूस ट्रंक उघडतो, पहिलं पत्र उचलतो आणि एक्सेलमध्ये पहिली ओळ भरतो. दोनशे ओळींनंतर दम संपतो. ट्रंकेत कागद दोन-तीन हजार असतात. मग संग्रहाचा एक दशांश भाग बारकाईने नोंदलेला आणि बाकीचा अंधारात, अशी अवस्था वर्षानुवर्षं राहते.

वर्णन वरून खाली करायचं. आधी अख्खा संग्रह, मग त्यातल्या मालिका (एकाच प्रकारच्या कागदांचे गट), मग फाईल किंवा गठ्ठा आणि खरोखर गरज असेल तरच सुटा कागद. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेचं 'आयसॅड-जी' हे मानक हेच सांगतं. ते १९९४ मध्ये आलं, दुसरी आवृत्ती २००० ची. त्यात २६ घटक आहेत, पण देवाणघेवाणीसाठी सहाच अत्यावश्यक मानले आहेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता (ज्याच्याकडे कागद तयार झाले तो), तारखा, आकारमान आणि वर्णनाची पातळी. लहान अभिलेखागाराने प्रत्येक संग्रहाचे एवढे सहा रकाने भरले तरी बाहेरच्या माणसाला दार उघडतं. बारीक नोंदी सवडीने होतील.

वर सांगितलेलं खाली पुन्हा लिहू नका. सरांचं चरित्र संग्रहाच्या पातळीवर एकदा आलं की पुरे. प्रत्येक गठ्ठ्यापुढे "थोर संशोधक" लिहिलं तर यादी लांबते आणि नजर चुकते.

'संकीर्ण' आणि 'महत्त्वाचे'

हे दोन शब्द मी आमच्या याद्यांतून हद्दपार केले आहेत. 'महत्त्वाची कागदपत्रे' हे शीर्षक वाचून कुणालाही काहीही कळत नाही. 'दुर्मिळ', 'अमूल्य' यांचंही तेच. कुणासाठी काय मोलाचं ते वाचणारा ठरवेल. वाण्याच्या उधारीची यादी बघायला आलेला अभ्यासक मी पाहिला आहे.

आमची जुनी नोंद अशी होती: "सरांची आंब्याविषयी महत्त्वाची पत्रे, जुनी." आता ती अशी आहे: "बागायतदारांची मोहर व रोगांविषयीची पोस्टकार्डे, हंगामवार ७ गठ्ठे, मराठी, काही इंग्रजी, काही कार्डांचे कोपरे वाळवीने खाल्लेले." कोण, काय, किती, कुठल्या भाषेत, कुठल्या अवस्थेत, हे सगळं एका दमात कळतं. मजकूर मोडीत असेल तर लिपी वेगळी नोंदवा. मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला मोडी येत नाही आणि लांबून येणाऱ्याला ते आधी कळलं पाहिजे.

नाव, गाव आणि साल

कागदावर जे नाव आहे ते शीर्षकात तसंच ठेवा आणि संस्थेचा इतिहास निर्मात्याच्या नोंदीत सांगा. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ चं, तर ते आज ज्याच्याखाली आहे ते दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. म्हणजे केंद्राचे पहिल्या दीड दशकाचे कागद 'कोकण कृषी विद्यापीठ' या नावाखाली सरसकट टाकले तर निर्माताच चुकला. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव जोडलं गेलं. १९१८ च्या पत्राची नोंद 'एसएनडीटी' म्हणून केली तर तेव्हा नसलेलं नाव आपण त्या कागदाच्या माथी मारतो. दोन्ही नावं एकमेकांशी जोडलेली एक अधिकृत नोंद ठेवा, म्हणजे कुठल्याही नावाने शोधलं तरी माणूस तिथेच पोहोचेल.

गावाचंही असंच. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीच्या मालवणच्या कागदावर 'जिल्हा रत्नागिरी' असेल तर ते चुकीचं नाही, खोडू नका. कुलाब्याचा रायगडही त्याच वर्षी झाला. आजचा जिल्हा सूचीत घाला, शीर्षकात नको.

सालांत तर हमखास घोटाळा होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना ७९ लागतात: शके १८२० चा माघ इसवी १८९९ मध्ये पडतो. जुन्या मोडी कागदांवर सुहूर सन (मराठेशाहीत चालणारी एक कालगणना) असेल तर तो मृगाला बदलतो. तिथून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणून मूळ मिती जशीच्या तशी लिहा आणि तुमचं इसवी रूपांतर शेजारी. रूपांतर चुकलं असेल तर पुढच्या माणसाला ते सुधारता येईल.

कपाटाचा नंबर हाच संदर्भ क्रमांक

"कपाट ३, खण २, फाईल ११" हा पत्ता झाला, ओळख नव्हे. कपाट हललं की लोकांच्या प्रबंधांतल्या तळटिपा खोट्या ठरतात, आणि आपल्याकडे कपाटं हलतातच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड आणि दापोली-मंडणगड भागात छपरं उडवली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. अशा वेळी जे हाताला लागेल ते वरच्या मजल्यावर न्यायचं असतं. संदर्भ क्रमांक संग्रह, मालिका आणि गठ्ठा यांवर बेतलेला हवा, कायमचा. जागेची वही वेगळी, पेन्सिलने लिहिलेली, आणि तिची एक प्रत इमारतीबाहेर. त्या वहीत 'आधी काय उचलायचं' याची खूणही असू द्या.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

टाचण्या आणि रबरबँड काढा, पण कुठले कागद एकत्र होते ते कागदी पट्टीने दाखवा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. त्यांतून कागद धडपणे परत काढता येत नाही. वहीतला फोटो वेगळ्या पाकिटात ठेवायचा असेल तर त्याच्या जागी चिठ्ठी ठेवा: फोटो कुठे गेला, कुणी नेला, कधी. स्कॅनच्या फाईलला कॅमेऱ्याने दिलेला नंबर तसाच ठेवू नका, मूळ गठ्ठ्याचा संदर्भ क्रमांक द्या. नाहीतर कागदावर टळलेला गोंधळ हार्डडिस्कवर होतो.

विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले, कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल संग्रहात असतील तर ते आहेत हे वर्णनात सांगा, पण कुणाला आणि कधी दाखवायचे ते आधीच ठरवून तिथेच लिहा. सगळं स्कॅन करून नेटवर टाकण्याच्या भरात हे राहून जातं, आणि ज्याचा कागद आहे तो माणूस अनेकदा याच गावात राहत असतो.

जे नाही ते न लिहिणं

यादीत फक्त असलेलंच लिहायचं असतं, असा समज आहे. पण सात गठ्ठ्यांच्या मधला एक हंगाम गायब असेल आणि आपण गप्प राहिलो, तर वाचणाऱ्याला वाटतं की त्या वर्षी सरांनी पाहणीच केली नाही. पाहणी झाली होती. पुढच्या वर्षीच्या वहीत "गतवर्षीप्रमाणे" असं चार ठिकाणी आहे. म्हणून आमच्या यादीत त्या हंगामाला क्रमांक दिला आहे आणि पुढे लिहिलं आहे: "गठ्ठा मिळालेला नाही. ट्रंक आली तेव्हाही नव्हता." खोक्यातही तेवढी जागा मोकळी ठेवली आहे. सरांच्या घरचे यंदा दिवाळीनंतर मागच्या पडवीवरचा माळा उतरवणार आहेत. फडकं दिसलं तर गाठ सोडू नका, तसंच घेऊन या, असं त्यांना सांगून ठेवलं आहे.