मुंबईत दोन दिवसांचा मुक्काम: राहायचं कुठे, ते कसं ठरवावं

जळगाव-भुसावळहून रात्री गाडीत बसलं की उजाडता मुंबई. म्हणून आपल्याकडे तिकिटाची काळजी महिनाभर आधी होते आणि राहायचा विचार कसारा घाट उतरल्यावर. "लॉज काय कमी आहेत का तिथं?" कमी नाहीत, हे खरंच. पण एक-दोन रात्रींच्या मुक्कामात खोलीच्या भाड्यापेक्षा खोलीची जागा महाग पडते. भलत्या भागात पाचशे रुपये वाचवले की ते टॅक्सीत जातात, आणि सोबत अर्धा दिवसही जातो.

१. सकाळचं काम कुठे आहे, ते आधी कागदावर लिहा

मुंबईला फिरायला म्हणून जाणारे थोडे. बहुतेकांना दवाखाना, मंत्रालय, परीक्षा, व्हिसाची मुलाखत किंवा लग्न यांपैकी काहीतरी असतं. (उच्च न्यायालयाचं काम असेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाखाली येतात. त्यासाठी मुंबई सहसा लागत नाही.) यातलं जे काम सकाळी ठरलेल्या वेळेला आहे, त्याच्या जवळ राहा. संध्याकाळच्या गोष्टींना, म्हणजे चौपाटी, खरेदी, नातलगांकडे जेवण, उशीर झाला तरी चालतो.

पत्ता लिहिताना पूर्व की पश्चिम, हे सोडू नका. मुंबईत रेल्वेचे रूळ शहराचे उभे दोन भाग करतात. नकाशात एक किलोमीटर दिसणारं अंतर रूळ ओलांडायचे असतील तर पुलावरून, गर्दीतून, हातात बॅग घेऊन कापावं लागतं. कर्करोगाचं टाटा रुग्णालय परळ पूर्वेला आहे, सिद्धिविनायक प्रभादेवीत पश्चिमेला. दोन्ही जवळजवळ आहेत असं समजून खोली घेणाऱ्यांची तिथे दमछाक होते.

कामाचा वारही तपासा. राज्य सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवारी मंत्रालय बंद. हिवाळी अधिवेशन नागपूरला चालू असेल तेव्हा मंत्री आणि अर्धे अधिकारी तिकडेच असतात. अशा वेळी मुंबईतली सगळ्यात सोयीची खोलीसुद्धा उपयोगाची नाही.

२. गाडी तुम्हाला कुठे उतरवणार आहे ते पाहा

भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव या बाजूने येणाऱ्या गाड्या मध्य रेल्वेच्या. त्या कल्याण, ठाणे, दादर करत सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जातात. धुळ्याची थेट गाडीही तिथेच जाते, मात्र ती सकाळी निघून दुपारी पोचते. बऱ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. तिकिटावर एलटीटी असेल तर पुढच्या प्रवासाचा हिशेब आधी करा, कारण कुर्ला लोकल स्टेशन तिथून सामान घेऊन चालण्याजोगं नाही. जवळचं टिळकनगर आहे, पण ते हार्बर लाईनवर. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून सुरतमार्गे येणारे पश्चिम रेल्वेवर उतरतात, त्यांना बोरिवली-अंधेरीची बाजू सोपी.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला हमखास अडवते. दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीव इथपर्यंतच रिक्षा येते, पुढे फक्त टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६ रुपये आहे, दोन्ही पहिल्या दीड किलोमीटरला. म्हणजे जवळ जायचं असेल तर टॅक्सीला घाबरायचं कारण नाही, मीटरने जायचं एवढंच. स्टेशनबाहेर "लॉज पाहिजे का?" म्हणत बॅगेला हात घालणाऱ्याबरोबर मात्र जाऊ नका. त्याचं कमिशन तुमच्याच भाड्यात असतं.

३. मग भाग निवडा

काहीच ठरत नसेल तर दादर. मध्य आणि पश्चिम दोन्ही लाईन तिथे भेटतात, आपल्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात, मराठी बोलून सगळं भागतं आणि साधं जेवण चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं. वरण-बट्टी शोधू नका, थालीपीठ आणि वरणभातावर समाधान माना. खोल्या लहान असतात, पलंगाभोवती फिरायला जागा मिळाली तरी खूप. गणेशोत्सवात लालबाग-परळ आणि ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीमुळे दादर पश्चिम माणसांनी भरून जातं. त्या दिवसांत त्यासाठीच जात नसाल तर दुसरीकडे राहा.

मंत्रालय किंवा फोर्टमधलं काम असेल तर सीएसएमटी-चर्चगेटचा भाग. भाडं जास्त, पण सकाळची लोकल टळते, आणि ती टळणं फार मोलाचं आहे. आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाचनंतर उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत बॅग घेऊन चढणं सवय नसलेल्या माणसाचं काम नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाल्यापासून मात्र गणित थोडं बदललंय. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, चर्चगेट आणि विधान भवन ही स्थानकं एकाच मार्गावर आली. विधान भवन स्थानकावरून मंत्रालय चालत. म्हणजे दादरला राहूनही सकाळी मंत्रालय गाठता येतं, घाम न गाळता. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत असेल तर बीकेसी स्थानकही याच मार्गावर आहे. कुर्ला-शीवची बाजूही त्या कामाला बरी.

आता नातलग. खान्देशातल्या प्रत्येक घराचं कोणीतरी कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर नाहीतर नालासोपाऱ्याला असतंच. भाचीकडे, मेहुण्याकडे जाणार असाल तर मनापासून जा, त्यांना भरताची वांगी न्या, पण काम संपल्यावर. कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर आहे, जलद लोकलनेही तासाच्या वर. सकाळी नऊला परळला रांगेत उभं राहायचं असेल तर त्या घरातल्या सगळ्यांना पाचला उठवावं लागतं. "घर असताना लॉजवर राहिले" हा रुसवा येतो, तो एका फोनने निघतो: "ताई, काम झालं की येतोच मुक्कामाला."

समुद्र दिसणाऱ्या खोलीचा आग्रह मला पटत नाही. मरीन लाइन्स किंवा चर्नी रोडला उतरलं की काही मिनिटांत समुद्र समोर असतो, तोही फुकट. दोन दिवसांत खोलीत जागे असता किती वेळ? मुलांना घेऊन निव्वळ फिरायलाच जात असाल तर कुलाब्यात गेटवेच्या मागच्या गल्ल्यांमधली छोटी गेस्ट हाऊस बघा. घारापुरीची लेणी सोमवारी आणि राणीची बाग बुधवारी बंद असते, तेव्हा वार बघूनच मुक्काम ठरवा.

४. दवाखान्यासाठी जात असाल तर वेगळा विचार

आपल्याकडून सर्वात जास्त माणसं टाटाला जातात. १९४१ पासूनचं हे रुग्णालय परळला, समोरच केईएम आणि वाडिया. पण अपॉइंटमेंटचा कागद नीट वाचा, कारण टाटाचं दुसरं केंद्र खारघरला आहे. खारघरचं बोलावणं असेल तर दादरपर्यंत जायचंच नाही. ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल धरा आणि खारघर-बेलापूर भागात राहा.

दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्णांसाठी आहे, तिचा आधार खूप लोकांना होतो. पण रुग्णालयाचे कागद हातात नसताना तिथे जागा मिळेल असं धरून निघू नका. पहिल्या फेरीला दोन रात्रींची साधी खोली स्वतः घ्या, रुग्णालयात नोंदणी झाली की तिथल्या समाजसेवा विभागात राहण्याबद्दल विचारा. त्यांच्याकडे धर्मशाळांची आणि संस्थांची माहिती असते. उपचार लांबणार असं डॉक्टरांनी सांगितलं तर लॉज परवडत नाही, तेव्हा सुरुवातीलाच पंधरा दिवसांचं ॲडव्हान्स देऊन बसू नका.

रुग्णासोबत जाताना खोलीपासून दवाखान्याचं अंतर चालून मोजा, नकाशावरून नाही. लिफ्ट आणि कमोड या दोन गोष्टी नसतील तर भाडं कितीही कमी असू द्या, नको म्हणा.

५. पैसे भरण्याआधी लॉजवर फोन करा

ॲपवरचे फोटो बघून ठरवलंत तरी एकदा बोलाच. पहाटे पाचला पोचलो तर खोली देता का, आणि दिवस तेव्हापासून मोजता की दुपारी बारापासून? काही ठिकाणी चेक-आउट बाराला असतं, काही ठिकाणी चोवीस तासांचं. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यासाठी हा फरक एका दिवसाच्या भाड्याइतका आहे. खिडकी बाहेर उघडते की डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या बंद पोकळीत? गरम पाणी किती ते किती? बाथरूम आतच आहे ना? सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरलाय का? सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे. जाताना प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड जवळ ठेवा, एकाच्या कार्डावर चौघं चालत नाहीत.

एसी की साधी, हा प्रश्न आपण उन्हाच्या हिशेबाने सोडवतो आणि तिथेच फसगत होते. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो, मुंबईत चौतीसच्या आसपास असतो, म्हणून पंखा पुरेल असं वाटतं. पण हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम सुकत नाही. त्याच कारणाने कूलर तिथे निरुपयोगी आहे. त्याचं पाणी वाळेल तेव्हा हवा गार होणार ना! एप्रिल ते जून आणि ऑक्टोबरात एसीचे पैसे द्या. धुतलेला शर्ट रात्रीत वाळणार नाही, कपड्यांचा एक जोड जास्त घ्या.

पावसाळ्यात तळमजल्याची खोली टाळा. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाणी समुद्रात जात नाही. हिंदमाता, शीव, किंग्ज सर्कल ही सखल ठिकाणं तुंबण्यासाठी प्रसिद्ध आहेत. अशा दिवसांत स्टेशनपासून पायी गाठता येईल अशीच जागा घ्या.

६. एकच रात्र असेल तर स्टेशनातच बघा

सीएसएमटीला रेल्वेच्या रिटायरिंग रूम आणि डॉरमेटरी आहेत. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर आरक्षण होतं. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड हॉटेलही आहे, म्हणजे झोपण्यापुरते छोटे कप्पे. एकट्या माणसाला, परीक्षेच्या उमेदवाराला हे उत्तम. कुटुंबाला नाही.

७. परतीचा दिवस

विदर्भ आणि अमरावती एक्स्प्रेस संध्याकाळी सीएसएमटीहून सुटतात आणि खोली दुपारी बाराला सोडावी लागते. मधले सहा-सात तास सामान कुठे ठेवायचं, ते खोली घेतानाच विचारून ठेवा. बरेच लॉजवाले रिसेप्शनपाशी बॅगा ठेवू देतात. नाहीतर सीएसएमटीची क्लोक रूम आहे, तिथे बॅगेला कुलूप आणि हातात तिकीट असावं लागतं. त्या संध्याकाळी गाडी दादरला पकडायची असेल तर डबा फलाटावर कुठे येतो ते इंडिकेटरवर आधी बघून उभे राहा, गाडी तिथे फार वेळ थांबत नाही.