सरकत्या फाटकाच्या मोटरचे सुरक्षित वायरिंग

सरकत्या फाटकाला मोटर बसवून झाली की बहुतेक घरांत एकच कसोटी लावली जाते: रिमोट दाबला, फाटक उघडले, काम झाले. ही कसोटी अपुरी आहे. अर्थिंग जोडलेले नसले, आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) नसला किंवा फोटोसेल (वाटेतला अडथळा प्रकाशकिरणाने ओळखणारे उपकरण) नुसताच खांबावर ठोकलेला असला, तरी फाटक तितक्याच सुरळीतपणे उघडते आणि मिटते. चूक उघडकीला येते ती पहिल्या मोठ्या पावसात किंवा फाटकाच्या वाटेत एखादे मूल उभे असताना. म्हणून या कामात फाटक चालते की नाही यापेक्षा ते वेळेवर थांबते की नाही, याची खात्री आधी करावी लागते. २३० व्होल्टच्या बाजूचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मात्र घरमालकानेही पुढील प्रत्येक टप्पा शेजारी उभे राहून पाहावा.

विजेला हात लावण्यापूर्वी फाटक तपासावे. मोटर नसताना ते एका माणसाने ढकलून कुठेही न अडकता रुळावरून सरकले पाहिजे, आणि दोन्ही टोकांना ते थोपवणारे लोखंडी स्टॉपर पक्के बसवलेले असले पाहिजेत. मोटरची लिमिट (फाटक कुठे थांबायचे ते ठरवणारी मर्यादा) चुकली आणि स्टॉपर नसला, तर शेकडो किलोंचे फाटक रुळाच्या टोकावरून पुढे जाऊन कोसळू शकते.

मोटरसाठी डीबीतून (घरातल्या मुख्य वीजपेटीतून) स्वतंत्र लाइन काढावी. बागेतल्या दिव्याच्या किंवा पाण्याच्या पंपाच्या लाइनला फाटा मारून काम भागवू नये. या लाइनवर सी प्रकारचा ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच (नेमका आकडा मोटरच्या माहितीपत्रकाप्रमाणे) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. केबल तीन कोअरची, तांब्याची, आर्मर्ड (बाहेरून धातूचे कवच असलेली) घ्यावी. घरगुती मोटरला १.५ चौरस मिलिमीटरची साधारणपणे पुरते, अंतर जास्त असेल तर २.५ची घ्यावी. ती जमिनीखाली सुमारे पाऊण मीटर खोल, गाडीच्या वाटेखाली जाड पाइपातून न्यावी.

अर्थिंगविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण सर्वांत जास्त हयगय इथेच होते. फाटकाजवळ एक सळई ठोकून तिला मोटरचे आवरण जोडले की अर्थिंग झाले, असे अनेक ठिकाणी समजले जाते. अशा सळईचा रोध २० ओहम धरला, तर फेज आवरणाला लागल्यावर जमिनीत जास्तीत जास्त २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर प्रवाह जाईल. सी प्रकारचा ६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ३० ते ६० अँपिअर प्रवाह लागतो. तो पडायला वेळ लागेल आणि तोपर्यंत मोटरचे आवरण, कदाचित रॅकमधून (फाटकावरच्या दातेरी पट्टीतून) संपूर्ण फाटकच, जिवंत राहील. म्हणून केबलचा तिसरा कोअर डीबीतल्या मुख्य अर्थला जोडावा, आर्मरही ग्लँडमधून (केबल आत शिरते तिथल्या धातूच्या आवळणीतून) अर्थ करावा आणि वर आरसीसीबी ठेवावाच. लाइन इन्व्हर्टरवर असेल, तर इन्व्हर्टरचा आणि मेनचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढे एकत्र होऊ देऊ नयेत. झाले तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो आणि कंटाळून कोणीतरी तो काढून टाकतो.

तारांच्या रंगांतही एक सापळा आहे. आपल्या जुन्या पद्धतीत लाल, पिवळा, निळा हे फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. आयात केलेल्या मोटरमध्ये मात्र तपकिरी फेज असते, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा अर्थ असतो. निळी तार दिसली म्हणून ती फेज धरू नये. टर्मिनलवरचे अक्षर वाचावे आणि मल्टिमीटरने खात्री करावी. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ ही दोन्ही मोजमापे जवळजवळ सारखी आली पाहिजेत. केबलची मेगर चाचणी (जास्त व्होल्टेज देऊन तारांचे आवरण तपासणे) करायची असल्यास कंट्रोल बोर्ड सुटा करूनच करावी, नाहीतर बोर्ड जळतो. झाकण उघडण्यापूर्वी एमसीबी खाली करावा आणि तरीही मोटरच्या कपॅसिटरच्या टोकांना लगेच हात लावू नये, कारण वीज बंद झाल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक राहतो.

फोटोसेलच्या आणि पुश बटणाच्या बारीक तारा २३० व्होल्टच्या पाइपातून कधीही नेऊ नयेत. त्यांना वेगळा पाइप द्यावा. फोटोसेलच्या एका बाजूला पुरवठ्याच्या दोन तारा लागतात, तर दुसऱ्या बाजूला पुरवठ्याच्या दोन आणि संपर्काच्या दोन. हा संपर्क बहुधा नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेला, असतो; त्यामुळे तार तुटली किंवा उंदराने कुरतडली तर बोर्ड त्याला अडथळाच समजतो आणि फाटक मिटत नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे. बोर्ड कारखान्यातून येतो तेव्हा त्या दोन टर्मिनलांमध्ये बोटाच्या पेराएवढी एक तार, म्हणजे जंपर, लावलेली असते. फोटोसेल जोडताना ती काढलीच पाहिजे. ती तशीच राहिली, तर फोटोसेलवरचा लाल दिवा पेटतो, सगळे ठीक दिसते, आणि फाटक समोरच्या कशालाही न जुमानता मिटते. मी एका घरी दुरुस्तीला गेलो असताना झाकणाखाली नेमके हेच पाहिले: फोटोसेलच्या तारा व्यवस्थित आवळलेल्या, आणि त्याच स्क्रूखाली जंपरही. घरातली मुले रोज त्याच वाटेने सायकली काढत होती.

पहिली चाचणी घेताना चावीने मोटर सुटी करून फाटक हाताने मधोमध आणावे, मग पुन्हा जोडावे. 'उघडा' म्हटल्यावर ते मिटू लागले तर लगेच थांबवून, वीज बंद करून, मोटरच्या दोन दिशांच्या तारांची अदलाबदल करावी आणि लिमिट स्विचच्या बाजूही पडताळाव्यात. त्यानंतर फाटक मिटत असताना पुठ्ठ्याचे खोके फोटोसेलच्या रेषेत धरावे; फाटक थांबून उलट फिरले पाहिजे. जोराची मर्यादा गरजेपुरतीच ठेवावी. युरोपातल्या ईएन १२४५३ या मानकात फाटकाच्या कडेचा चेंगरण्याचा क्षणिक जोर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ४० किलोंच्या दाबापेक्षा, जास्त नसावा असे धरले आहे. फाटक जड चालते म्हणून जोर वाढवू नये. रूळ साफ करावा.

पावसाळ्यापूर्वी केबल जिथून आत शिरते ती ग्लँड घट्ट आवळावी आणि पाइपाचे तोंड बुजवावे, कारण मुंग्या आणि पाली तिथूनच बोर्डावर येतात. मोटरचा चौथरा अंगणात पाणी साचते त्या रेषेपेक्षा वर असावा. दर महिन्याला आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून आणि खोके आडवे धरून दोन्ही चाचण्या पुन्हा घ्याव्यात. वीज गेल्यावर फाटक हाताने उघडण्याची चावी घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेल्या जागी ठेवावी आणि ती कशी फिरवायची, हे एकदा सगळ्यांना प्रत्यक्ष करायला लावावे.